मावशींसाठी जमवलेले पैसे: मुलुंडच्या एका सोसायटीतलं प्रकरण

आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या मावशींच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही वर्गणी काढली, त्याचं हे प्रकरण, २०२२ सालचं. मी त्या वेळी आमच्या सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे पैशाचा सगळा व्यवहार माझ्या हातून झाला आणि बहुतेक चुकांमध्येही मी होते. माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मसुदा मावशींना वाचून दाखवला. दोन गोष्टी त्यांनी काढायला सांगितल्या, त्या काढल्या.

पार्श्वभूमी

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. दोन विंग, सात मजले, छप्पन्न घरं. बहुतेक मराठी, नोकरदार किंवा निवृत्त. गणपतीला एकत्र आरती, कोजागरीला गच्चीवर मसाला दूध, कुणाकडे मयत झालं तर शेजारून पिठलं-भात, अशी वस्ती. वाईट माणसांची गोष्ट म्हणून हे कुणी वाचू नये.

मावशी भांडुप पश्चिमेला डोंगराच्या चढावर टेंभीपाड्यात राहतात. त्या वेळी वय चव्वेचाळीस. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वर तालुक्यातलं. नवरा वारला त्याला नऊ वर्षं झाली होती. एक मुलगी, एकोणीस वर्षांची, भांडुपच्याच एका कापड दुकानात काम करून रात्रकॉलेज करणारी. मावशींची आमच्या इमारतीत सहा कामं होती: चार घरी भांडी आणि केर-लादी, दोन घरी पोळी-भाजीसुद्धा. महिन्याला साडेसतरा हजार मिळत. सकाळी सातची लोकल पकडून भांडुपहून नाहूर सोडून मुलुंडला उतरायचं, दुपारी दोनला परतायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं. माझ्याकडे त्या सहा वर्षं होत्या आणि त्यांच्या मुलीचं नाव मला माहीत नव्हतं.

वर्षभर त्यांना धाप लागत होती. भांडी घासता घासता थांबायच्या, ओट्याला टेकायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ॲसिडिटी हाय ताई." मी जिरं-ओव्याचं पाणी करून दिलं आणि मला वाटलं, आपण काळजी घेतली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, ब विंगच्या चौथ्या मजल्यावर जिन्यात त्या चक्कर येऊन पडल्या. एकादशीचा उपवास असेल असं समजून कुणीतरी साखरपाणी पाजलं. पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टर मुलीने नाडी पाहिली आणि लगेच रिक्षा बोलवायला सांगितली.

अडचण

जवळच्या खाजगी रुग्णालयात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकुंचन पावली होती आणि गळतही होती. लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आला होता, आठ-नऊ वर्षांच्या असताना. गावात काढा घेऊन बरा झाला होता. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा संधिवाताचा ताप झडपेवर व्रण ठेवून जातो आणि पुढची वीस-तीस वर्षं गप्प राहतो. फुग्याने झडप रुंद करण्याचा उपाय असतो, पण मावशींच्या झडपेवर कॅल्शियम साचलं होतं. झडप बदलणं भाग होतं. तिथला अंदाजे खर्च कागदावर लिहून मिळाला: साडेतीन लाख.

त्याच संध्याकाळी ब विंगमधल्या एका तरुणाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशींचा फोटो टाकला. खाटेवर झोपलेल्या, हाताला सलाइन, पदर सरकलेला. खाली आजाराचं नाव, वय, कुठे राहतात, आणि "आपल्या मावशींना जीवदान द्या". हा मुलगा मनाने फार चांगला. रिक्षात मावशींचं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला होता. रात्रभर झोपला नाही. त्याला जे सुचलं ते त्याने केलं, आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. मी तर त्याखाली माझा खाते क्रमांक दिला.

पहिले चार दिवस

पैसे भराभर आले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं की कोणी किती दिले याची यादी रोज टाकावी, म्हणजे बाकीच्यांना आठवण राहील. मी यादी टाकायला लागले. फ्लॅट क्रमांक, नाव, रक्कम.

या यादीने काय केलं ते मला नंतर एकेका घरी जाऊन कळलं. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनवर राहणाऱ्या आजींनी आधी पाचशे देणार म्हणून ठरवलं होतं. यादीत सगळे दोन-तीन हजारांचे आकडे पाहून त्यांनी पाच हजार दिले आणि त्या महिन्याचं रक्तदाबाचं औषध अर्धंच आणलं. एका घरी नोकरी गेली होती, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं नाव यादीत नाही म्हणून ग्रुपवर एकाने विचारलं, "४०२ चं काय?" ते कुटुंब पुढचे दोन महिने खाली कुणाशी बोललं नाही.

चौथ्या दिवशी १,४२,३०० रुपये जमले होते. त्या दिवशी मावशींची मुलगी माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

फोटो आमच्या ग्रुपमधून कुणाच्या तरी ऑफिसच्या ग्रुपवर, तिथून आणखी कुठे असा फिरत तिच्या दुकानाच्या मालकाच्या फोनवर पोचला होता. मालकाने सगळ्या पोरींसमोर तिला दाखवून विचारलं, "ही तुझी आई ना?" टेंभीपाड्यात घरमालकाला कळलं होतं की यांच्याकडे लाखांनी पैसे येणार आहेत, त्याने थकलेलं भाडं आणि वाढीव डिपॉझिट मागितलं. गावाहून दिराचा फोन आला होता, शेतावरच्या विहिरीसाठी उसने हवे होते. आणि खरं तर तोवर मावशींच्या हातात एक रुपयाही पडला नव्हता.

"माझ्या आईने तुमच्याकडे मागितले होते का?" एवढंच तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण आम्ही मावशींना विचारलंच नव्हतं. पैसे हवेत का, किती हवेत, कुणाला कळलेलं चालेल, यातलं काहीच.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण, आणि तो चार दिवस उशिरा आला. त्या रात्री मी यादी काढून टाकली, फोटो काढायला लावला आणि ग्रुपवर लिहिलं की पैसे घेणं थांबवलं आहे. जे बाहेर गेलं होतं ते मात्र परत येणार नव्हतं.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बसलो: मी, तो तरुण, पाचव्या मजल्यावरची डॉक्टर मुलगी आणि बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका. काकांनी आयुष्यभर कार्यालयातले कागद हाताळले होते. त्या दिवसापर्यंत त्यांनी एक हजार रुपये देऊन बाकी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

सगळ्यात सोपं वाटत होतं ते उरलेले दोन लाख जमवून त्याच खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेणं. ऑनलाइन मदतनिधी उभारणाऱ्या संकेतस्थळावर टाकलं तर आठवड्यात होईल, असं तो तरुण म्हणाला. पण तिथे पुन्हा फोटो, पुन्हा कहाणी. तो स्वतःच थांबला.

डॉक्टर मुलीने महापालिकेच्या रुग्णालयाचं सुचवलं. केईएम, सायन, नायर यांपैकी कुठेही हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, खर्च फार कमी. पण तारीख मिळायला वेळ लागतो. मावशींना किती वेळ थांबता येईल हा वैद्यकीय प्रश्न होता. गोळ्यांनी छातीतलं पाणी आटोक्यात राहिलं तर सहा ते आठ आठवडे चालतील, असं हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं.

तिसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ कक खाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये या योजनेची चौकट ठरवून दिली. मोठमोठी पंचतारांकित दिसणारी रुग्णालयंही यात येतात. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून अर्ज करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलदार कार्यालयाचा.

चौथा मार्ग काकांनी काढला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. त्या वेळी पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मोफत उपचार मिळत, आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया यादीत होती. (नंतर शासनाने ही योजना सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली केली आणि मर्यादा पाच लाखांवर नेली.) योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, तो कागदपत्रं पाहतो.

आमच्या छप्पन्न घरांत बँकेतले, मंत्रालयातले, विमा कंपनीतले लोक आहेत. चार दिवस आम्ही पैसे मोजत होतो आणि एकानेही विचारलं नव्हतं की मावशींकडे रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे.

मावशींच्या घरी

यापुढचं काहीही त्यांना विचारल्याशिवाय करायचं नाही, एवढं ठरवून मी आणि काका रविवारी टेंभीपाड्यात गेलो. चढ बराच आहे. शेवटचा भाग पायऱ्यांचा, पावसाने शेवाळलेला. मला तिथे दोनदा थांबावं लागलं.

दहा बाय बाराची खोली. मावशी उठून चहा ठेवायला लागल्या, मुलीने त्यांना हात धरून बसवलं आणि स्वतः ठेवला. आमच्याशी ती बोलली नाही. मी माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "तुमी चांगल्यासाठी केलं ताई," आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी स्टोव्हकडे पाहत राहिली. मी तिचीही मागितली. "बरं," म्हणाली.

मग काकांनी विचारलं, आणि हा प्रश्न कसा विचारायचा हे मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं. "काय मदत करू" असं त्यांनी विचारलं नाही. "रात्री झोप कशाच्या विचाराने लागत नाही?" असं विचारलं.

मावशींनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. त्यांची पहिली भीती कामं जाण्याची होती. छातीचं हाड कापून शस्त्रक्रिया होणार, ते जुळायला सहा ते बारा आठवडे, तोवर बादली उचलायची नाही, लादी पुसायची नाही. तीन महिन्यांत सहाही घरांनी दुसरी बाई ठेवली असती. अकरा वर्षांत जोडलेली कामं एकदा गेली की नव्याने जोडायला वर्ष जातं. दुसरी भीती, बरं झाल्यावर औषधांना पैसे कुठून. आणि तिसरी, मुलगी कॉलेज सोडेल. ती आधीच दुपारचंही काम शोधत होती.

"पगार चालू ठेवाल का? मी फेडीन पुढं काम करून," त्या म्हणाल्या.

साडेतीन लाखांच्या मागे धावताना त्यांची मुख्य गरज आम्ही पाहिलीच नव्हती. महिन्याचे साडेसतरा हजार, तीन महिने.

काय केलं

चौथा, योजनेचा मार्ग धरला. कागद काकांनी अंगावर घेतले. रेशनकार्ड केशरी होतं, पण गावी, दिराच्या घरात, दिराच्या कुटुंबासोबत एकाच कार्डावर. मूळ कार्ड दाखवायला लागणार होतं. कार्ड मुंबईला गेलं तर धान्य बंद होईल अशी दिराला धास्ती होती आणि विहिरीच्या पैशाचा रागही होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ चिपळूणला लग्नाला निघाले होते. ते वाट वाकडी करून एसटीने संगमेश्वरला गेले, दिराशी तासभर बोलले, आठ दिवसांत स्वतः आणून देईन असा शब्द देऊन कार्ड घेऊन आले. आणि खरोखर परत नेऊन दिलं. या माणसाने वर्गणीत एक रुपयाही दिला नव्हता. यादीच्या वेळी त्यांच्याबद्दलही कुजबुज झाली होती.

आधारकार्डावर मावशींचं नाव माहेरच्या वळणाचं आणि रेशनकार्डावर सासरचं. त्यासाठी काका आणि मावशी तीन वेळा खेपा घालून आले. रांगेत मावशींसाठी घडीची खुर्ची घेऊन जायचे. दाताचीही तपासणी झाली, कारण दातातला जंतुसंसर्ग नव्या झडपेपर्यंत पोचू शकतो. दोन दाढा काढाव्या लागल्या. यात सप्टेंबर उजाडला. गणपती त्या वर्षी ३१ ऑगस्टला आले. मावशींना गावी जायचं होतं, जाता आलं नाही. आमच्या इमारतीच्या आरतीला याल का, असं मी विचारलं, त्यांनी नको म्हटलं. पुन्हा विचारलं नाही.

रक्ताची सोय लागणार होती. या वेळी ग्रुपवर इतकंच लिहिलं: "एका शस्त्रक्रियेसाठी रक्तदाते हवेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांना आधीच्या रक्तदानाला ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले असावेत. मला खाजगीत कळवा." नाव नाही, फोटो नाही. अकरा जणांनी कळवलं. ४०२ मधल्या दोन्ही भावांनी दिलं. पैसे देता न आलेल्यांनाही देता येईल असं यात काहीतरी होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

पगाराचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. मावशींनी बदली म्हणून आपल्या भावजयीला पाठवायचं ठरवलं. म्हणजे तीन महिने प्रत्येक घराने दोन पगार द्यायचे: भावजयीला कामाचा, मावशींना आजारपणाचा. मी सहाही घरी स्वतंत्रपणे गेले. एका वहिनींनी सरळ विचारलं, "वर्गणी दिली ना आपण? मग पुन्हा हे कशाला?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना म्हटलं की आपल्याला कार्यालयात आजारपणाची भरपगारी रजा मिळते, ती कुणी आपल्यावर केलेली दया नसते. मावशींना अकरा वर्षांत ती कधी मिळालेली नाही. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, पण मावशींची नोंदणी कुणी करून दिलेली नव्हती, मीही नाही. वहिनींनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाल्या.

चार घरांनी स्वतः दिलं. दोन घरांना खरंच जमत नव्हतं. त्या दोन घरांचे मिळून महिन्याला साडेपाच हजार आम्ही जमलेल्या रकमेतून दिले. कोणती दोन घरं, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

जिन्याची गोष्ट

हे मी वेगळं लिहिते आहे, कारण ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

ऑगस्टमध्ये बाह्यरुग्ण विभागात मी मावशींसोबत गेले होते. तरुण डॉक्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, "रोज किती जिने चढावे लागतात?" मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जास्त नाय."

आमच्या प्रत्येक विंगला एकच लिफ्ट. सकाळी शाळा-ऑफिसची गर्दी होते म्हणून २०१९ मध्ये आम्ही तळमजल्यावर सूचना लावली होती: सकाळी आठ ते साडेदहा घरकामगार आणि सामान नेणाऱ्यांनी जिना वापरावा. ठरावावर माझीही सही होती. मावशींची सहा घरं दुसऱ्या, चौथ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मजल्यावर, दोन विंगांत. आकुंचन पावलेल्या झडपेने त्या तीन वर्षं ते जिने चढत होत्या, आणि पडल्या त्या जिन्यातच. डॉक्टरसमोर मला ओशाळं वाटू नये म्हणून त्या खोटं बोलल्या.

मी डॉक्टरला खरा आकडा सांगितला. घरी आल्यावर ती सूचना काढली. सचिव म्हणाले, ठराव सभेने केलाय, सभेतच रद्द व्हायला हवा. सप्टेंबरच्या सभेत विषय आला. एकवीस विरुद्ध नऊ मतांनी ठराव रद्द झाला. विरोधात असलेल्यांपैकी तिघांनी मावशींसाठी सर्वांत जास्त रकमा दिल्या होत्या. त्यांच्यावर मी ढोंगीपणाचा आरोप करणार नाही. पैसे देताना माणूस एकदाच देतो. लिफ्टमध्ये रोज शेजारी उभं राहावं लागतं, आणि तिथे वर्षानुवर्षांची सवय आडवी येते.

निष्पत्ती

शस्त्रक्रिया सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात योजनेखाली झाली. धातूची झडप बसवली. नऊ दिवसांनी घरी सोडलं. सुरुवातीचे पंधरा दिवस टेंभीपाड्याच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, तेव्हा त्या चढाच्या खाली राहणाऱ्या एका शेजारणीने आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः मुलांना घेऊन वर जाऊन राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पूर्ण खटाटोपात मला सर्वांत मोठं वाटलं ते हे, आणि ते आमच्या इमारतीतल्या कुणी केलेलं नाही.

पैशांचा हिशेब असा. १,४२,३०० पैकी दोन घरांच्या पगारापोटी १६,५००. योजना मंजूर होण्याआधीच्या तपासण्यांना ९,४००. येण्याजाण्याचं भाडं आणि सोबत राहणाऱ्यांचं जेवण ७,८००. धातूच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिची मात्रा बरोबर आहे का ते पाहायला 'आयएनआर' ही तपासणी नियमित करावी लागते. त्यासाठी दोन वर्षांचे २४,००० बाजूला ठेवले. उरले ८४,६००. देणाऱ्यांना मी एकेकट्याला विचारलं की पैसे परत हवेत का. तिघांना मिळून ६,००० परत केले. पेन्शनवाल्या आजी नको म्हणत होत्या, पण त्यांचे पाच हजार त्या तिघांत मी आग्रहाने धरले. राहिलेले ७८,६०० मावशींनी पोस्टात स्वतःच्या नावावर मुदत ठेवीत टाकले. दिराला सांगितलं, पैसे इस्पितळात संपले.

डिसेंबरात त्या परत आल्या, सुरुवातीला पोळ्यांच्या दोन घरीच. फेब्रुवारीत भांडी, लादी भावजयीकडेच राहिली आणि त्या घरांचे पैसे दोघी वाटून घेतात. गोळीमुळे कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून भाजी चिरायचं काम आता त्या घरच्यांनी करायचं असं ठरलं. मेथी-पालकाचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं, अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही, हे डॉक्टर मुलीने त्यांना आणि आम्हालाही समजावलं.

एप्रिलमध्ये मावशींनी सगळ्यांकडे पगारवाढ मागितली, दर दोन वर्षांनी मागतात तशीच. एका घरातून ऐकू आलं, "एवढं केलं आपण त्यांच्यासाठी, तरी?" हे वाक्य मला शस्त्रक्रियेच्या काळजीपेक्षा जास्त लागलं. आम्ही जे दिलं ते उघड्यावर दिलं होतं, नावानिशी, आकड्यानिशी. त्यामुळे ते देणं कधी संपलंच नाही. मावशींच्या प्रत्येक मागणीपुढे ते उभं राहिलं. शेवटी सहाही घरांनी वाढ दिली. ती त्यांच्या कामाची होती आणि मिळायलाच हवी होती.

पुन्हा अशी वेळ आली तर

पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी मी फोन हातात न घेता रुग्णालयात गेले असते आणि मावशींना विचारलं असतं. त्या शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. पंधरा मिनिटांचं काम होतं.

रेशनकार्ड, आधार आणि ही योजना लागू होते का, हे पहिल्या दोन दिवसांत पाहिलं असतं. मग किती पैसे आणि कशासाठी, हे कळूनच वर्गणी काढली असती. आमच्या बाबतीत खरी गरज साठ-सत्तर हजारांची होती. त्याच्या दुप्पट जमले आणि त्या जास्तीच्या पैशानेच बहुतेक कटकटी आणल्या.

यादी कधीच केली नसती. हिशेब द्यायचा, पण एकूण जमा आणि एकूण खर्च. कुणी किती दिले हे खजिनदाराच्या वहीत राहायला हवं.

फोटोच्या बाबतीत मात्र मी त्या तरुणाशी वर्षभराने बोलले तेव्हा त्याने मला एक अवघड प्रश्न विचारला. फोटो नसता तर पहिल्या रात्री लोक इतके हलले असते का? मला वाटतं, नसते. रक्ताच्या वेळी फोटो नव्हता तरी अकरा जण आले, हे मी त्याला सांगितलं. पण तोवर सगळ्यांना माहीत होतं की रक्त कुणासाठी हवंय. या प्रश्नावर आमचं एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही आणि तरीही तो फोटो मी पुन्हा टाकू देणार नाही.

घरकामगार मंडळातली नोंदणी २०२३ मध्ये काकांनी करून दिली, मावशींची आणि इमारतीत काम करणाऱ्या आणखी सात जणींची. सहा घरांपैकी पाच घरांनी महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि आजारपणात पगार हे आता तोंडी मान्य केलं आहे. लिहून द्यायला अजून बाकी कुणी तयार नाही. मी माझ्यापुरतं लिहून दिलं.

मावशी सकाळी साडेसातला लिफ्टने वर येतात. मुलीचं बीकॉम पूर्ण झालं, ती ठाण्याला एका हिशेबनीसाकडे लागली आहे. आईला तपासणीला न्यायचं असेल तेव्हा ती मुलुंडला येते. वर ये म्हणून मी दोनदा निरोप दिला. ती फाटकाबाहेर, रिक्षाच्या रांगेजवळ थांबते आणि आई खाली आली की तिची पिशवी हातात घेऊन निघते.